क्रेनवरचा झाडू

न्यूयॉर्कचा फोटो दाखवून कुणी "काय स्कायलाइन आहे!" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या ओळखीतली बरीच मराठी मंडळी इथे ड्युसेलडॉर्फला, कोलोनला नोकऱ्या करतात आणि सुट्टीत अमेरिका करून येतात. आल्यावर फोन पुढे येतो. पुलावरून काढलेला फोटो, बोटीतून काढलेला, हॉटेलच्या खिडकीतून काढलेला. मग मला टोमणा असतोच. "तुम्ही बिल्डिंगांच्या इंजिनिअर ना? मग इथे काय करता? फ्रँकफुर्ट सोडलं तर सगळी कौलं!" मी विचारते, "त्या फोटोतल्या बिल्डिंगा कुणी बांधल्या?" कुणीतरी लगेच एखाद्या आर्किटेक्टचं नाव सांगतं. मी विषय तिथेच सोडते. पुढे बोलले तर चहा गार होतो आणि नवरा माझ्याकडे बघायला लागतो.

माझे वडील, आप्पा, सळया बांधायचे. पुण्यात साइटवर त्यांना फिटर म्हणत. कॉलमच्या, बीमच्या, स्लॅबच्या सळया कापायच्या, वाकवायच्या, तारेने एकमेकींना बांधायच्या, आणि काँक्रीट पडलं की ते सगळं काम कायमचं दिसेनासं व्हायचं. आई त्याच साइटवर घमेली वाहायची. मी घरातली पहिली पदवीधर. हे मी पहिल्या भेटीतच सांगून टाकते, म्हणजे मागाहून शोधून काढल्याचा आनंद कुणाला मिळत नाही.

आमच्या ऑफिसने मला दोनदा अमेरिकेला पाठवलं, उंच इमारती बांधायच्या पद्धती बघून यायला. उंची मोजायला माझी गरज नव्हती, ती कुणीही मोजतं. मी बघितलं ते वेगळंच. वर आधी कोण चढतं, ते.

शिकागोला मी ज्या साइटवर गेले तिथे मधला लिफ्टचा काँक्रीटचा गाभा आधी वर गेला होता, एकटाच, भुतासारखा, आणि पोलादाचा सांगाडा त्याच्या मागून चढत होता. न्यूयॉर्कला उलटं. पोलादवाले पुढे, गाभा त्यांच्या मागे. कागदावर शिकागोची रीत सोपी वाटते. मी न्यूयॉर्कच्या एका पोलादवाल्याला विचारलं, तुम्ही असं उलटं का करता? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी श्वास का घेता विचारलं. म्हणाला, "आमच्या डोक्यावर दुसरं कुणी काम करायचं नाही, हे आमच्या आजोबांच्या वेळी ठरलंय. वरून हातोडी पडली तर ती कुणाच्या टाळक्यात पडते, बाई?" एका शहराच्या इमारती कुठल्या क्रमाने आकाशात चढणार, हे तिथल्या कामगारांनी ठरवलं होतं. कॉलेजात चार वर्षं मी हे एकदाही ऐकलं नव्हतं.

बाकी जे बघितलं त्याने मी खूश झाले असं नाही. ह्यूस्टनला काचेची खोकी आणि त्यांच्या मधे पार्किंगची मैदानं. रस्त्यावर चालणारं माणूस मी एकटी. मायामीला समुद्राच्या कडेने बाल्कन्यांची भिंत उभी राहिलेली, मागच्या गल्लीतल्यांनी समुद्राचा अंदाज वाऱ्यावरून घ्यायचा. न्यूयॉर्कला पार्कच्या कडेला काठीसारखे बारीक टॉवर, संध्याकाळी बघावं तर कितीतरी खिडक्यांत दिवाच नाही. राहायला कुणी नाही, पण त्यांची सावली मात्र पार्कात रोज कामावर हजर.

आणि मी पांढरा गर्डर पाहिला. इमारतीचा शेवटचा गर्डर वर चढवायच्या आधी तिथे तो पांढरा रंगवतात आणि दोन-तीन दिवस खाली ठेवतात. ज्याने ज्याने त्या इमारतीत काम केलं तो येऊन त्यावर सही करतो. पोलादवाले, वेल्डर, क्रेनवाले, झाडलोट करणाऱ्या बायकासुद्धा. मग त्याला झेंडा आणि एक छोटंसं सूचिपर्णी झाड बांधतात आणि तो वर जातो. मी त्या गर्डरसमोर अर्धा तास उभी होते. एकाने मला मार्कर देऊ केला. मी घेतला नाही. मी तिथे काही केलं नव्हतं.

ते झाड इकडून, युरोपातून तिकडे गेलंय. इथे जर्मनीत इमारतीचा सांगाडा पुरा झाला की रिश्टफेस्ट करतात. वर हिरव्या फांद्यांची मोठी माळ चढते, तिला रंगीत फिती असतात. साइटवरचा एक कारागीर उंचावर उभा राहून चार ओळी म्हणतो, ग्लास रिकामा करतो आणि खाली फेकून फोडतो. मग मालकाने बांधणाऱ्यांना जेवू घालायचं. खरं म्हणजे सण एवढाच आहे. बांधणाऱ्यांना जेवण.

आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी हेच. पहिलं घमेलं पडायच्या आधी नारळ फुटतो आणि शेवटचं पडल्यावर पंगत बसते. जेवण घालतात म्हणजे सगळेच घालतात असं नाही. मी दहा वर्षांची असताना कोथरूडच्या एका बिल्डिंगला आम्हाला सांगितलं होतं, आधी पाहुणे जेवतील, मग तुम्ही. आम्ही हिरव्या जाळीच्या मागे बसलो. बुंदीचा वास येत होता. शेवटी आचारी रिकामं पातेलं उलटं करून घासायला लागला, तेव्हा आई उठली, माझा हात धरला आणि घरी आली. तिने पिठलं केलं. 

हे सगळं मनात असताना मी काय करून बसले, ते आता सांगते.

ड्युसेलडॉर्फमध्ये ऱ्हाईनजवळ एक चोवीस मजली इमारत उभी राहत होती. तिच्या मजबुतीचा हिशोब आमच्या ऑफिसचा, आणि सळयांची तपासणी माझी. काँक्रीट ओतायच्या आधी मी वर जायचं, अंतरं मोजायची, बांधणी बघायची आणि सही करायची. याला आबनामे म्हणतात. माझी सही झाल्याशिवाय पंप सुरू होत नाही. दोन हिवाळे मी हे केलं. सळया बांधणारी अकरा जणांची टोळी रोमानियातली होती. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, कमी बोलणारा, मला शेफिन म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब. त्याचं जर्मन तुटकं, माझं व्याकरणशुद्ध आणि उच्चार पुणेरी. आमचं छान जमायचं. त्याच्या गाठी बघितल्या की मला आप्पांच्या गाठी आठवायच्या. एकसारख्या, तारेचं टोक आत वळवलेलं, म्हणजे दुसऱ्याच्या हाताला लागू नये.

शेवटच्या स्लॅबची तपासणी संपल्यावर त्याने हातमोजे काढले आणि विचारलं, "शेफिन, रिश्टफेस्टला आम्हाला बोलावतील? मागच्या दोन इमारतींना नाही बोलावलं."

मी म्हणाले, "म्हणजे काय? या की! सगळे या. अकराच्या अकरा. तारीख कळली की सांगते. जेवायलाच या."

आमच्याकडे आमंत्रण असंच असतं. दारात उभं राहून, हात हलवत, "या हं नक्की, सगळ्यांना घेऊन या." तेवढं पुरतं. जर्मनीत अठरा वर्षं काढल्यावर मला कळायला हवं होतं की इथे आमंत्रण यादीत असतं, तोंडात नसतं.

तिथे पोलियर उभा होता, म्हणजे मुख्य ठेकेदार कंपनीचा साइटप्रमुख, साठीला आलेला जर्मन माणूस. रिश्टफेस्टला वरून चार ओळी तोच म्हणणार होता. तो हसून म्हणाला, "बरोबर आहे, फ्राऊ इंजिनिअर. माझ्या बापाच्या वेळी मालकाने जेवण घातलं नाही तर आम्ही माळेऐवजी झाडू टांगायचो. अख्खं गाव बघायचं."

"आणि मग?"

"मग मालक जेवण घालायचा," तो म्हणाला. "गेनाऊ." म्हणजे, अगदी तसंच.

टोळी पुढच्या सोमवारपासून कोलोनच्या साइटवर गेली. मी मुकादमाला तारीख कळवली, शुक्रवार, दुपारी बारा. त्याने फोनवर उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आता बोर्डांचा विषय. इमारतीच्या मालक कंपनीला रिश्टफेस्टच्या दिवशी तळमजल्यावर एक प्रदर्शन हवं होतं: अमेरिकेतल्या शहरांची स्कायलाइन, पूर्वीची आणि आताची, आणि शेवटी आपली इमारत. म्हणजे पाहुण्यांना वाटावं की आपणही त्या पंक्तीत बसलो. बॉसने काम मला दिलं, कारण मी ती शहरं बघितली होती. मी सहा बोर्ड केले. चार शहरांचे चार. पाचवा, वर आधी कोण चढतं त्याचा, शिकागोचा गाभा आणि न्यूयॉर्कचं पोलाद शेजारी शेजारी, आणि खाली पांढरा गर्डर, सह्यांसकट. सहावा आपला, त्यावर फोटोच्या जागी सध्या चित्र, कारण इमारत अजून जाळीत होती.

बॉसने बोर्ड पाहिले आणि त्याच बैठकीत पाहुण्यांची यादी माझ्यासमोर ठेवली. दोनशे नावं. बँकेची माणसं, नगरपालिकेची माणसं, भाडेकरू कंपन्या, आर्किटेक्ट, आम्ही. "सळईकाम" असं लिहिलं होतं तिथे दोन नावं, त्या कंपनीचा मालक आणि त्याची ऑफिस मॅनेजर. दोन वर्षांत मी त्या दोघांना साइटवर एकदाही पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "यात टोळी नाही."

"आल्झो," बॉस म्हणाला. त्याचं आल्झो आलं की पुढे नकार असतो. "ती माणसं सबकॉन्ट्रॅक्टरच्या सबकॉन्ट्रॅक्टरची. त्यांचं काम संपलंय. विम्याचा प्रश्न येतो. आणि ही पार्टी मालकाची आहे, आपली नाही."

"पार्टी मालकाची असेल, सण त्यांचा आहे. मी त्यांना बोलावलंय."

"तू कोण बोलावणारी?"

खरंच होतं ते. मी कोण बोलावणारी? तरी मी थांबले नाही. मी म्हणाले, "दोन वर्षं त्यांनी बांधलेल्यावर मी सह्या केल्यात. ही इमारत उभी आहे हे सांगायचा अधिकार मला आहे, आणि जेवायला या म्हणायचा नाही?"

"तू भावनिक होते आहेस."

"मी भावनिक नाही. मी चिडले आहे. दोन्हींत फरक असतो."

"बरं," तो म्हणाला, "चिडलेली असतानाच ऐकून घे. पाचवा बोर्ड काढ. मालकांना स्कायलाइन हवी आहे, युनियन नको."

मालकांच्या ऑफिसला मी दोन ईमेल केल्या. एकीचं उत्तर आलं नाही, दुसरीचं आलं: जागेच्या मर्यादेमुळे खेद आहे. तळमजला केवढा आहे ते मला माहीत होतं. त्याचं नकाशातलं माप मीच तपासलं होतं.

त्यानंतर मी एकच गोष्ट करायला हवी होती. मुकादमाला फोन करून सांगायचं, येऊ नका. मी ते केलं नाही. पहिले दोन दिवस वाटलं, काहीतरी जमेल. नंतरचे दोन दिवस शब्द परत घ्यायची लाज वाटली. याला घमेंड म्हणा. माझ्या रागातला एक वाटा माझ्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

आप्पा तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. काढून टाकलेला पाचवा बोर्ड मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर टाकला. ते चष्मा लावून बघत बसले.

"हे कुठलं गाव म्हनायचं?"

"न्यूयॉर्क, आप्पा."

"लोखंड आधी चढलंय की! मधला गाळा मागं."

"हो. डोक्यावर दुसरं कुणी नको म्हणून."

"शाने हायेत." त्यांनी पांढऱ्या गर्डरवर बोट ठेवलं. "आन् ही कुनी गिचमिड केली?"

"ज्यांनी बांधलं त्यांच्या सह्या आहेत."

"वर गेल्यावर दिसत्यात?"

"नाही. वरून पत्रा आणि सिमेंट येतं."

"मग काय उपेग?" ते म्हणाले. मग परत वाकून बघायला लागले. एकेक सही, ओळीने, वाचता येत नसलेली. "तरी बरं. करू देत्यात ना."

रिश्टफेस्टला माझ्याबरोबर एक पाहुणा चालणार होता. नवरा म्हणाला, "आप्पांना ने. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळेल." मी यादीत त्यांचं नाव घातलं.

शुक्रवारी ऊन होतं. तळमजल्यावर पांढऱ्या टेबलक्लॉथची उंच टेबलं, उभ्याने खायचं, बशीत बोटाएवढे पदार्थ. भिंतीला माझे पाच बोर्ड. मायामीसमोर लोक ग्लास धरून फोटो काढत होते. आप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, टोपी घालून, कॉलमपाशी उभे होते. कॉलमवर तळहात ठेवून त्यांनी तो जनावर थोपटावं तसा थोपटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दोनशे माणसांत सळई बांधणारा माणूस एकच आहे, आणि त्याने या इमारतीतली एकही सळई बांधलेली नाही.

बाराला पाच कमी असताना फाटकाशी ते दिसले. अकरा जण. दाढ्या केलेल्या, केस चापून बसवलेले, कॉलरचे शर्ट. कोलोनच्या साइटवरून अर्धा दिवस बिनपगारी सुट्टी घेऊन आले होते. एकाच्या हातात फुलं होती. मुकादमाने कागदात गुंडाळलेली बाटली काखेत धरली होती. सिक्युरिटीवाला टॅबलेटवर बोट फिरवत होता आणि मान हलवत होता.

मी धावत गेले. "हे माझे पाहुणे आहेत."

"तुमचा एकच पाहुणा आहे, आणि तो आत आहे."

मी बॉसला बोलावलं. तो आला, दोन्ही बाजूंना हसला, मालक कंपनीच्या एका बाईंशी जाऊन कुजबुजला, परत आला. "चार जण चालतील," तो मला म्हणाला. "अपवाद म्हणून. मागच्या बाजूला उभं राहायचं."

हे मी मुकादमाला सांगितलं.  त्याने मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. कुठले चार, ते बघत असावा असं मला क्षणभर वाटलं. तसं काही नव्हतं. तो म्हणाला, "अकरा, शेफिन. तुम्ही अकरा म्हणालात."

"हो. मी म्हणाले."

मला काय सुचलं कोण जाणे, सकाळी घरून निघताना गाडीच्या डिकीत टाकलेला पाचवा बोर्ड आठवला. तो मी बाहेर काढला. मार्करही होता. मी म्हणाले, "यावर सह्या करा. अमेरिकेत करतात तशा. मी हा आत नेऊन भिंतीला लावते, बघू कोण काढतं ते."

त्याने बोर्ड नीट बघितला. पांढरा गर्डर बघितला. मग मार्कर माझ्या हातात परत दिला. आवाज चढवला नाही. "सही मी दर आठवड्याला करतो," तो म्हणाला. "तासांच्या कागदावर. आम्ही जेवायला आलो होतो."

मी मार्करला टोपण लावलं. 

तेवढ्यात आप्पा फाटकातून बाहेर आले. हातात बशी होती, तिच्यात बोटाएवढे चार पदार्थ, एकही खाल्लेला नाही. त्यांनी बशी सिक्युरिटीवाल्याच्या टॅबलेटवर ठेवली, त्याच्या तोंडाकडे न बघता. मग मुकादमासमोर उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "मी बी फिटर." मग उजव्या हाताने हवेत तार पिळून दाखवली, आकडा घालून, दोन वेढे, टोक आत. मुकादम बघत राहिला. मग त्यानेही करून दाखवलं, आपल्या रीतीने, एक वेढा आणि झटका. आप्पांनी मान डोलावली. हसलं कुणी नाही.

वर माळ चढायला लागली. पोलियरचा आवाज खाली नीट पोचत नव्हता. काच फुटल्याचा आवाज मात्र रस्त्यावर स्पष्ट आला. आत टाळ्या. बाहेर आम्ही तेरा जण. मुकादमाने बाटली माझ्या हातात दिली, कारण रिकाम्या हाताने यायचं नसतं, आणि ते स्टेशनकडे चालू लागले. फुलं एकाने फाटकाच्या जाळीत खोचली.

आप्पांनी घरी आल्यावर टोपी काढली आणि म्हणाले, "रविवारी त्यांना जेवान नेऊ. माझ्या हातचं." रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातून मला हाकलून मटणाचा रस्सा केला. दोन मोठी पातेली, भात वेगळा. कोलोनला ते अकरा जण साइटजवळच्या कंटेनरमध्ये राहत होते. तिथे बाकावर बसून जेवले. तिखटाने घामाघूम झाले, पण पातेली पुसून खाल्ली. निघताना मुकादम माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला. "छान होतं," तो म्हणाला. "पण हे तुमचं काम नाही, शेफिन."

माहीत होतं मला. स्लॅबचं जेवण ज्याचा स्लॅब त्यानेच घालायचं असतं. मी घातलं म्हणून त्याचं सुटत नाही.

सोमवारी आप्पांना घेऊन ट्रामने चालले होते. ऱ्हाईनचा पूल ओलांडताना ते खिडकीला टेकून बघत होते. "पोरी, तुमच्याकडं बी दृष्ट लागू ने म्हनून बांधत्यात का?"

मी बघितलं. क्रेन पुढच्या आठवड्यात उतरवायची होती, तोवर माळ तिच्या हुकाला राहणार होती. माळ नव्हती. हुकाला साइटवरचा रुंद, लाल केसांचा झाडू टांगलेला होता, चोवीस मजल्यांच्या वर, वाऱ्यावर हळूहळू फिरत.

पोलियरला मी काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. झाडू तीन दिवस राहिला, कारण मालक कंपनीतल्या कुणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं, साफसफाई चाललीय. मंगळवारी त्यांचा फोटोग्राफर पलीकडच्या काठावरून सहाव्या बोर्डासाठी फोटो काढून गेला. जाळी उतरलेली, इमारत उन्हात, पाण्यात तिचं प्रतिबिंब. आणि वर झाडू, अगदी रेखीव.

बॉसला अर्थ माहीत होता. त्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि दार लावून घेतलं. "हा काढ," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"हे तुझं काम आहे."

"माझं काम आहे म्हणूनच. बोर्डावर लिहिलंय, पूर्वी आणि आता. आता हे असं आहे."

"तो कचरा आहे, क्रेनला लटकलेला."

"तो कचरा नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तू इथला आहेस."

तो लाल झाला. मग थंड झाला, आणि तेच जास्त वाईट. "मग दुसरं कुणीतरी काढेल."

"काढू दे. पण मग कोपऱ्यातलं माझं नावही काढायचं. सहाही बोर्डांवरून."

"पाच," तो म्हणाला.

"पाच," मी म्हणाले.

दुपारपर्यंत दोन्ही निघालं. आता त्या इमारतीच्या तळमजल्यावर न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, मायामी आणि ड्युसेलडॉर्फ ओळीने लावलेत. क्रेनचा हुक रिकामा आहे. तुलना कुणी केली ते लिहिलेलं नाही. कामाला गेले की मी त्यांच्यासमोरून जाते आणि दर वेळी तेवढीच चिडते. कमी होईल असं वाटलं होतं, होत नाही.

मूळ फोटो मी मुकादमाला पाठवला. त्याने तो टोळीतल्या सगळ्यांना दिला म्हणे. एक मोठी प्रत आप्पांनी मागून घेतली आणि पुण्याला नेली. देव्हाऱ्याशेजारी लावलीय. येणारे-जाणारे विचारतात, बिल्डिंगवर झाडू कशाला? आप्पा सांगतात, पोरीनं बांधलेली हाय, दृष्ट लागू ने म्हनून.

मी फोनवर म्हणाले, "आप्पा, तसं नाहीये ते. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पन लोकांस्नी काय सांगू, तिथं बी जेवायला घालत न्हाईत म्हनून?"